मी गाडीत नव्हतो

सॉल्ट लेक सिटी,
१० मार्च १९८५

ती. दादा,

तुम्हाला आणि आईला माझा नमस्कार. तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. आईचं मेतकूटही आलं. पुडी थोडी फुटली होती, पण फारसं सांडलं नाही. माझी तब्येत बरी आहे. लॅबमधलं काम रखडलंय, पण प्रोफेसर अजून काही बोललेले नाहीत.

आपल्या शरयूचं श्रीरंगशी ठरलेलं लग्न मोडायचं तुम्ही मनावर घेतलंय. जो मुलगा मित्राचं न ऐकता एकटा बर्फात शिरतो आणि तीन बोटं गमावून येतो, त्याच्या हाती मुलगी कशी द्यायची, असं तुम्ही लिहिलंत. बर्फ असा अचानक कोसळतो तरी कसा, असंही विचारलंत. आधी तेच सांगतो.

इथे डिसेंबरात थोडा बर्फ पडला आणि मग बरेच दिवस नुसती कडाक्याची थंडी. त्या थंडीत खालच्या बर्फाची साखर होते. सुटे, भरभरीत दाणे. मुठीत धरले तर गोळा होत नाही. त्यावर फेब्रुवारीत दोन दिवस वादळ झालं आणि वाऱ्याने जड थर रचून ठेवला. वरून सगळं छान, पांढरंशुभ्र दिसतं. माणसाचं वजन पडलं की खालची साखर ढासळते आणि वरचा अख्खा थर लादीसारखा सुटतो. वादळानंतरचा पहिला उघडीपीचा दिवस सगळ्यात वाईट.

म्हणून डोंगरात जाण्याआधी इथले लोक एका नंबरवर फोन करतात. त्या दिवशीचा धोका टेपवर ऐकू येतो. त्या शनिवारी तो फोन श्रीरंगने केला होता.

"शेखर, डेंजर हाय सांगतायत यार. आज कॅन्सल करू," तो म्हणाला.

मी म्हणालो, "बाहेर बघ, लख्ख ऊन पडलंय. आपण नाशिकला काय फोन करून गड चढायचो का?"

हे मी म्हणालो, दादा. मी गाडीत थांबलो आणि तो एकटा गेला, हे मी तुम्हाला लिहिलं ते साफ खोटं होतं. तो माझ्यामागे आला, कारण मला एकट्याला सोडणं त्याला जमेना.

चढताना पायाखाली एकदा धप्प असा आवाज झाला, खालची साखर बसल्याचा. त्याने पुन्हा परत फिरू म्हटलं. मी ऐकलं नाही. पुढे उघडा उतार लागला. आपल्याकडे अवघड जागी एकमेकांचे हात धरून पार होतात, इथे एकाने जायचं आणि दुसऱ्याने झाडीत थांबून बघायचं. तो तसा थांबला तर मी त्याला भित्रा म्हणालो. मग पुढे झालो आणि उतार माझ्यासकट सुटला.

घसरण थांबल्यावर बर्फ असा आवळला की छाती हलेना. वर फक्त एका बुटाचं टोक दिसत होतं म्हणे. मी कुठे गडप झालो हे त्याने पाहिलं होतं, म्हणून शोधत बसावं लागलं नाही. फावडं नव्हतं. त्याने हातांनी उकरलं. माझे हातमोजे बर्फात गेले होते, तर स्वतःचे काढून माझ्या हातांत घातले. रस्त्याला लागेपर्यंत त्याचे हात उघडे होते. त्याची बोटं तिथे गेली.

आईचं ब्लड प्रेशर वाढेल म्हणून खोटं लिहिलं, असं मी स्वतःला सांगत होतो. आईला मी मध्ये उगाच आणलं. मला लाज वाटत होती, एवढंच खरं आहे. गडावर नेणारा मी, सगळ्यांना डोंगर शिकवणारा मी, हे तुम्हीच कौतुकाने सांगता. श्रीरंगला मी काय लिहिलं ते ठाऊक होतं. "राहू दे, काकू घाबरल्या असत्या," एवढंच म्हणाला.

तुमचा निरोप त्याला शुक्रवारीच वाचून दाखवावा लागला. अजून त्याच्या शर्टाची बटणं मी लावतो. काल सकाळी बटणं लावताना तो म्हणाला, "काकांचं बरोबर आहे. मला शरयूला काही लिहिता येत नाही, तूच कळव." मी मान खाली घालून शेवटचं बटण लावलं. त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. आजही नाही.

हे पत्र त्याला दाखवलेलं नाही, दाखवलं तर तो फाडेल. तुम्ही मात्र शरयूला ते पूर्ण वाचायला द्या, आईलाही. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा. लग्न मोडायचंच असेल तर मोडा, पण चारचौघांत कारण सांगताना माझं नाव सांगा, त्याचं नाही.

श्रीरंगमुळे उरलेला,
तुमचा चंद्रशेखर