सात नंबरचा चिमटा

सर, पत्र लिहायला फार उशीर झाला. तुम्ही जाऊन तीस वर्षं उलटली आणि मी आज कागद घेऊन बसलोय, त्याची आधी माफी मागतो. माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीत आहे, नववीतच शाळा सुटली. गॅस बंद केलाय का, हे दोनदा उठून बघून आलो. आता बसलोय तर सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा उठेन.

झालं असं की माझ्या नातीला विमानांचा नाद लागला. दिलसुखनगरला क्लासला जाते आणि रविवारी मैत्रिणींबरोबर शहराबाहेरच्या माळावर रेडिओवर चालणारी विमानं उडवते. तिचं विमान फोमचं, बॅटरीवरचं. हलकं बाल्सा लाकूड नाही, इंजिन नाही, इंजिनाच्या तेलातल्या एरंडेलाचा कपड्यांना वास नाही. परवा म्हणाली, "आजोबा, नव्या मुलींना शब्दच माहीत नसतात. तुम्ही सांगता तसं कोणी सांगत नै. एका वहीत लिहून द्या ना, मी वाचून सांगते त्यांना. अक्षर मोठं काढा हं, माझं मराठी स्लो आहे." मी हो म्हणालो. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

वहीत लिहिलंय ते सगळं तुमचंच आहे. काचीगुड्याचं तुमचं स्वयंपाकघर, काकू भाकऱ्या करतायत, मी लेथवरून तसाच काळ्या हातांनी आलेलो. शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात, पण मला खरं शिकवलंत ते त्या ओट्यापाशी. तुम्ही काकूंच्या हातातलं उलथनं घेता आणि म्हणता, "हे इलेव्हेटर. शेपटीवरची आडवी पट्टी. ही वर उचलली की विमानाचं नाक वर." मग स्वयंपाकघराचं दार पुढेमागे हलवता. "हे रडर. शेपटीवरचं उभं पातं. यानं नाक डावी-उजवीकडे वळतं." पंखांच्या मागच्या कडेला दोन पट्ट्या, एक वर गेली की दुसरी खाली, विमान कुशीवर झुकतं, ती एलेरॉन. काकू म्हणतात, "उलथनं द्या आधी, तव्यावरचं विमान जळतंय." तुम्ही हसता, पण उलथनं देत नाही.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, हे तुम्ही दहादा सांगितलंत. नाक फार वर उचललं, वेग कमी पडला की पंखाला हवा धरून ठेवता येत नाही आणि विमान दगडासारखं खाली येतं, तो स्टॉल. एकदा मी विमानातल्या रेडिओची छोटी बॅटरी फार मागे बसवली. तुम्ही पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोललंत, ते शेपटीकडे कललं. "नाक जड असलं तर विमान रडत उडतं. शेपूट जड असलं तर ते तुझं ऐकतच नाही. दोन बोटांवर तोलल्याशिवाय माळावर यायचं नाही." ते बोलणं मला इतकं लागलं की आजही नातीचं विमान मी आधी बोटांवर घेतो. आणि विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटतं, म्हणून जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला हातातल्या रेडिओची स्टिक ढकलायची, हेही लिहिलं.

एक शब्द लिहिला नाही. चिमटा.

माळावर लाकडी फळी असायची आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे, प्रत्येकावर नंबर. ज्याच्या रेडिओचा जो नंबर, त्यानं तो चिमटा आपल्या एरियलला लावायचा आणि मगच बटण दाबायचं. एका नंबरवर दोन रेडिओ चालू झाले तर वरच्या विमानाला कोणाचं ऐकावं कळत नाही. तुम्ही मला तुमचा जुना रेडिओ दिलात, म्हणून आपल्या दोघांचा नंबर एकच होता, सात. तुम्ही उडवताना मी थांबायचं, मी उडवताना तुम्ही.

त्या सकाळी तुमचं पिवळं विमान वर होतं. दोन वर्षं खपून केलेलं. सातचा चिमटा तुमच्या एरियलला होता. मी स्कूटरपाशी बसून माझं इलेव्हेटर जुळवत होतो. नवीन खिळी घातली होती, पट्टी हलते का ते बघायचं होतं. एवढंच. मी बटण दाबलं. पट्टी हलली, मला आनंद झाला, आणि मान वर केली तर तुमचं विमान थरथरत खाली येत होतं. मी बटण बंद केलं तोवर ते जमिनीत घुसलं होतं. कोणीतरी म्हणालं, "मास्टरसाब, हवा का झोंका था, छोडो." तुम्ही हातांकडे बघत म्हणालात, "नै मियाँ, हाथ चूका. उमर हुई." मी धावत येऊन तुमच्या मागे चार पावलांवर उभा होतो. तोंड उघडलं नाही. तुकडे गोळा करताना तुम्ही चिमटा काढून माझ्या हातात दिलात, "फळीवर लाव." मी तो खिशात घातला.

तुम्ही पुन्हा माळावर आला नाहीत. तुम्ही गेल्यावर काकू म्हणाल्या, "त्या दिवसापासून चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे रे. हातावरचा भरवसाच गेला." मी चहा पिऊन उठलो. आता काकूही नाहीत.

तुमचा हात चुकला नव्हता, सर. तो कधीच चुकला नव्हता.

काल नातीनं माझ्या हत्यारांच्या डब्यात चिमटा पाहिला. "आजोबा, यावर सात का लिहिलंय?" मी म्हणालो, "कपड्यांचा आहे, असाच." हल्लीचे रेडिओ आपला मोकळा नंबर आपणच शोधतात, चिमटा लागत नाही, मग तो शब्द वहीत कशाला, असं मी मनाला समजावतोय. पण तिनं विचारलं तर एका शब्दावरून सगळंच सांगावं लागेल, आणि मग ती माझ्याकडून विमान तोलून घेईल का, याची भीती वाटते.

आबिड्सच्या मोठ्या पोस्टातही हे पत्र घेणार नाहीत, मला कळतं. चिमट्याबरोबर डब्यात ठेवतो. वहीचं शेवटचं पान त्या शब्दापुरतं कोरं सोडलंय. रविवारी वही तिला द्यायची आहे. लिहू का, तेवढं लवकर कळवा.