उलटा हात

बाबा,

तुमची बेस गिटार सापडली. खराडीत, एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये. दर रविवारी तिथे जुन्या बेस गिटारींचे चार-पाच शौकीन जमतात. मला वाजवता येत नाही, मी ऐकायला जातो. गेल्या रविवारी यजमानाने नवी खरेदी दाखवली. अंगठा टेकून टेकून झिजलेली ती जागा पाहिली आणि ओळखलं. शेजारी तुमचा अ‍ॅम्प्लिफायरही होता.

नारायण पेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही ती भांड्यांच्या कपाटाला टेकवून वाजवायचात, वीज न लावता. कपाट घुमायचं. आई म्हणायची, "अहो, वाट्या पडतील." त्याच ओट्यापाशी मी एकदा इस्त्रीला तळवा लावायला गेलो आणि तुम्ही केवढ्याने ओरडलात. "उलटा हात! झटका बसला की मूठ मिटते. सरळ हात लावलास तर धरून बसशील." कार्यक्रमाआधी माइकलाही तुम्ही हाताची मागची बाजू लावून बघायचात. ऑर्केस्ट्रातले हसायचे, "झाला का ताप बघून?" शेवटच्या कार्यक्रमाला निवेदक आला नव्हता, म्हणून मधलं बोलणंही तुमच्याकडेच होतं. तुमचे दोन्ही हात तारांवर आहेत. कोणीतरी माइक आणतो आणि थेट तुमच्या ओठांशी धरतो.

रविवारी ते चौघे गिटारीभोवती वाकून उभे होते.

"तारासुद्धा त्याच वेळच्या," यजमान म्हणाला.

"पुसल्या नाहीस ना?"

"वेड लागलंय का? त्या मळातच आवाज असतो."

"वाजवणारा कोण होता?"

"असेल कोणी ऑर्केस्ट्रावाला. झीज बघ. मोठा माणूस असणार."

"मोठा असता तर अंगठा उचलला असता."

मी अ‍ॅम्प्लिफायरची वायर बघत होतो. तोच दोन पिनांचा प्लग. म्हटलं, "याला अर्थिंग नाही, तारांत करंट उतरू शकतो. इलेक्ट्रिशियनला दाखवून तीन पिनांचा बसवून घ्या."

"काका, मग ते ओरिजिनल कुठे राहिलं? आवाज बदलतो."

"निदान माइकला आधी उलटा हात लावून बघा."

"हळदीकुंकू पण वाहू का?"

सगळे हसले. मीही हसलो. यजमान शनिवारी संध्याकाळी मित्रांसमोर ती वाजवत गाणार आहे. त्याच वायरवर, तोंडाशी माइक घेऊन. गिटार कोणाची, तो माणूस कसा गेला, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो प्लग त्याच क्षणी निघाला असता.

आज शनिवार. विश्रांतवाडीच्या घरी बसून हे लिहितो आहे. तुम्हाला लिहायला बसलो, त्या यजमानाला नाही, हे दुपार सरल्यावर लक्षात आलं. आता फोन लावतो आहे. वाजतो, तो उचलत नाही. मेसेज केला, तोही त्याने पाहिलेला नाही. सराव सुरू झाला असेल. मोठा आवाज लावला की त्याला बाकी काही ऐकू येत नाही, असं त्याची बायको म्हणते.

खराडीला जायला बोलावलेली रिक्षा खाली येऊन थांबली आहे. हे पत्र टेबलावरच राहील. एवढंच लिहितो, की आठवडाभर मी गप्प बसलो ते विसरून नाही. तुमचा तो आवाज बदलण्याआधी मला एकदा ऐकायचा होता.