मिनलच्या आईचं चित्र

३ नोव्हेंबर, सोमवार

मिनलला लग्नाच्या मांडवात आईचं चित्र हवं. पेन्सिलीचं. आणि ते मीच काढायचं! सतरा वर्षं हिच्या वेण्या घातल्या, डबे भरले, तापात उशाशी बसले — तरी मी मावशीच. आई म्हणजे गोपिका, ही दोन वर्षांची असताना गेलेली. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे नाही म्हणायलाही तोंड नाही.

४ नोव्हेंबर

गोपिका गेल्यावर तिच्या आईनं, उमरेडच्या कांताबाईंनी, अल्बम-साड्या सगळं उचलून नेलं आणि येणंजाणंच तोडलं. मी तिला कधी पाहिलेलंच नाही, म्हणून फोटोचं यांना विचारलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, घरात एकही नाही.

खोटं. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात एक आहे. आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी दिसला होता मला. तेव्हापासून गप्प आहे. मेलेल्या बाईशी काय भांडायचं? पण स्वतःच्या पोरीपासूनही लपवायचा — एवढा जीव!

६ नोव्हेंबर

हे अंघोळीला गेले तेव्हा पाकिटातून काढला, मोबाइलवर घेतला, होता तसा ठेवला.

८ नोव्हेंबर

सीताबर्डीत गुळगुळीत कागद मिळाला नाही, खरबरीत आणला. टोकदार पेन्सिल फिरवली तर गालभर देवीचे व्रण उठले. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं. चहा होईपर्यंत तसंच राहू दिलं.

मग पेन्सिल बोथट केली, आडवी धरली, हलक्या हातानं थरावर थर दिले. बोटाला कापूस गुंडाळून काळं खळग्यांत बसवलं. कातडी जिवंत झाली. फोटोत हसताना डावीकडचा ओठ जरा वर गेलाय तिचा. सुंदर होती. मी कधीच तशी नव्हते.

१२ नोव्हेंबर

डोळे चार वेळा खोडले. कागद सोलवटला.

१६ नोव्हेंबर

झालं. मिनलनं चित्र खिडकीशी उजेडात नेलं. मग म्हणाली, "मावशी, माझे डोळे आईवरच गेलेत ना?"

हो म्हटलं. काय म्हणणार! धरमपेठेतून फ्रेम करून आणली. बाबांना एकदम मांडवातच दाखवायचं म्हणून तिनं ती ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवली. भांडी घासताना मला रडू आलं.

१८ नोव्हेंबर

कांताबाई येणार आहेत, इतक्या वर्षांनी. मिनलनं फोन करून लग्नाला बोलावलं, त्या म्हणाल्या, आधी नातीला डोळे भरून पाहते.

२० नोव्हेंबर

कांताबाई आल्या. मिनलला राहवलं नाही, चित्र त्यांच्यापुढे धरलं. म्हातारीनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे आमची गोपिका नाही वं. कोन होय हे?"

हे तेवढ्यात बाहेरून आले. चित्राकडे पाहून दारातच थांबले. चेहरा उतरला. मिनलशी नाही, सासूशी नाही — माझ्याशी बोलले.

"हा फोटो तुले कुठं भेटला?"