दाखल क्रमांक नसलेल्या वह्या

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू, तुझा नवरा आणि लेक खुशाल असाल असं धरून चालते. मी बरी आहे, गुडघे सोडले तर.

तुझं पत्र मिळालं. “फोनवर तू उडवाउडवी करतेस, आता लेखीच कळव,” असं लिहिलंस. धाकट्यांनी थोरल्यांना असं लिहायची पद्धत आपल्या घरात नव्हती, पण असो. घे, लेखी.

वाचनालयात सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. यंदा ‘हरित वाचनालय’ पुरस्कारासाठी आम्ही कंबर कसली आहे. दाराशी बियांचं कपाट ठेवलंय. पुस्तकासारखं बी न्यायचं, पीक आलं की मूठभर परत आणायचं. परवा एक निवृत्त मास्तर भोपळ्याच्या बियांना मुदतवाढ मागायला आले. “वेलाने अजून मान वर काढली नाही हो,” म्हणाले. मी शिक्का मारून दिला. शिडी, करवत, ड्रिल मशीन हेही सभासदांना घरी देतो, म्हणजे घरोघरी एकेक विकत घ्यायला नको. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुरुस्ती असते, लोक मोडके पंखे आणि छत्र्या घेऊन रांग लावतात. छपराचं पाणी टाकीत जातं, टाकीतलं रोपांना. पर्यावरणाचा मक्ता एकट्या तुझ्या गल्लीने घेतलाय असं तुला वाटत असेल, तर तसं नाही.

रद्दीही गोळा करतो. ती कागद कारखान्यात जाते आणि कोऱ्या वह्या होऊन परत येते. हो, तोच कारखाना. नाक मुरडू नकोस. तुमच्या ओढ्यात तो काय सोडतो ते तू सिद्ध कर. माझ्याकडे तो झाडं वाचवतो.

बाबांच्या वह्यांचं म्हणशील तर शोधते. बावन्न वह्या आहेत, टाचणी नाही, सापडतील. बंधाऱ्यावर चौकीदारी करताना रोज सकाळी पाण्याची उंची, रंग, वास आणि मासे लिहून ठेवणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका आपल्या वाट्याला आला. कारखान्याआधी ओढा कसा होता हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही, असं तुझे वकील म्हणतात. खरं असेल.

लेकीच्या अंगावरचं पुरळ कसं आहे? विहिरीचं पाणी उकळून देत जा.

तुझी ताई


दि. २१ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझी दोन पत्रं एकदम आली. पहिल्यात तू रडतेस आणि दुसऱ्यात वकील बोलतो. पुरावे द्यायची शेवटची तारीख तेरा एप्रिल, हे दोन्हींत आहे. समजलं.

वह्यांबाबत अडचण आहे. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक लागतो. मोठ्या नोंदवहीत एक ओळ आणि पुस्तकावर तोच आकडा, मगच ते वाचनालयाचं. बाबा गेल्यावर तू वह्या आणून माझ्या टेबलावर ठेवल्यास, “ताई, तुझ्याकडे सुरक्षित राहतील,” म्हणालीस आणि चहा न घेता गेलीस. त्या दाखल करायच्या राहून गेल्या. कामाच्या रगाड्यात राहतं. दोन वर्षं झाली. ज्याची नोंदच नाही ते मी शिक्का मारून तुला कसं देऊ?

“मग शिक्क्याशिवाय दे, मी येऊन घेऊन जाते,” असं लिहू नकोस आणि येऊही नकोस. इथे आवराआवर चालू आहे. धूळ आहे, तुझ्या लेकीला सोसायची नाही.

तिची नखं काळी पडतायत म्हणालीस. डॉक्टर बदलून बघ.

पुरस्कार समितीला टनभर रद्दी दाखवायची आहे. थोडी कमी पडतेय.

तुझी ताई


दि. ११ एप्रिल, शनिवार

धाकटे,

आशीर्वादाचं आज राहू दे.

वह्या गेल्या. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा त्या माझ्या पाठीमागच्या कपाटात होत्या, हात मागे केला असता तरी लागल्या असत्या. दुसरं लिहिलं तेव्हाही होत्या. त्यानंतर चौथ्या दिवशी कारखान्याचा वजनकाटा आला. टनाला एकेचाळीस किलो कमी पडत होते. आमचे शिपाई मामा कपाट उघडून उभे राहिले.

“बाई, ह्या तुमच्या बाबांच्या ना?”

“दाखल क्रमांक आहे का?”

“नाही.”

“मग नियमाने बाद. टाका काट्यावर.”

“पण धाकट्या बाई मागत होत्या…”

“टाका म्हटलं ना!”

त्यांनी टाकल्या. काटा टनाच्या पुढे दोन किलोवर थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या दिवसापासून मामा माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

चुकून गेल्या असं लिहिता आलं असतं. तसंच लिहायला बसले होते, दोन कागद फाडले. चूक नव्हती ती. त्या वह्या मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्यात. तू एकही वाचलेली नाहीस, तुला फक्त कारखान्याच्या आधीची-नंतरची वर्षं हवी होती. मी आधी माझा जन्मदिवस काढला. ‘पाणी सव्वादोन फूट, गढूळ. बाकी विशेष नाही.’ मग तुझा काढला. ‘पाणी तीन फूट, नितळ. आज मुलगी झाली. रडणं खणखणीत. कामात लक्ष नाही.’ पुढे तुझे गोवर, तुझं पोहणं, तुझं लग्न, सगळं माशांच्या शेजारी लिहिलंय. शेवटची नऊ वर्षं त्यांना हाताला धरून संडासाला मी नेलं. उठवून बसवलं की ते वही मागत, मी देत असे. त्या नऊ वह्यांत मी एकदाही नाही. मला राग आला, धाकटे. अजून आहे. दोन वर्षं त्या दाखल केल्या नाहीत त्या याच रागाने, आणि काटा हलला तेव्हा बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

परवा कारखान्याचे व्यवस्थापक आले. पुरस्कार मिळाल्याबद्दल अभिनंदन केलं आणि एक कागद पुढे सरकवला. “अशा कुठल्याही वह्यांची वाचनालयात नोंद नाही, एवढंच लिहून द्यायचंय, मॅडम. यात खोटं काहीच नाही.” मी नोंदवही उघडून त्यांना दाखवली. खरंच काही नव्हतं. सही केली.

काल तुझं पत्र आलं. लेकीला दवाखान्यात ठेवलंय, तिला सोडून येता येत नाही, मी फोन उचलत नाही. ‘ताई, एक तरी वही उरली असेल तर दे गं, पाया पडते तुझ्या.’

एक उरली आहे. मामा गठ्ठा उचलत असताना मी ती ओढून घेतली. कारखाना सुरू झाला त्या वर्षीची. मेपर्यंत मासे आहेत, जूनमध्ये फेस आहे, ऑगस्टमध्ये मेलेले मासे मोजलेत, एकशे बारा. बाबांचं अक्षर, तारखेसकट. तुझ्या वकिलाला तेवढी पुरली असती. तुला द्यायची म्हणूनच काढली होती, खरं सांगते. मग तुझं ‘पाया पडते’ वाचलं. जन्मात पहिल्यांदा तू माझ्याकडे काही हात पसरून मागत होतीस. मी ते चार वेळा वाचलं.

वही या पत्राबरोबरच पाकिटात घातली आहे. मामा दुचाकीवरून तासाभरात तुझ्या हातात देऊन आले असते. त्यांना सांगितलेलं नाही. साध्या टपालाने पाठवतेय. तुमच्याकडे टपाल चार दिवसांनी पोचतं, तुझ्याच पाकिटांवरच्या शिक्क्यांवरून मोजलंय. तेरा तारखेचा सोमवार तोवर उलटून गेलेला असेल.

लेक यातून उठून मोठी झाली तर हे पत्र तिला वाचायला दे. फाडू नकोस. मी कोण होते ते कुठेतरी लिहिलेलं असू दे.

तिची मावशी