संपानंतरचा ल्युशियस

८ मार्च १९५२, शनिवार. कॅन्सस सिटी.
ल्युशियसला पुरून नऊ दिवस झाले. धाकटा भाऊ. मी ठीक आहे. न्यूयॉर्कच्या कंपनीचं पत्र आलं. त्याच्या सॅक्सोफोनची लाँग-प्ले तबकडी काढायची आहे, नाचाच्या जुन्या स्विंग जॅझपासून नव्या, भरधाव बीबॉपपर्यंत. जुन्या तबकड्यांवर फक्त बँडमास्तरचं नाव असतं. कुठला सोलो, म्हणजे एकट्याने वाजवलेला तुकडा, त्याचा, ते घरच्यांनी बावीस तारखेच्या आत कळवावं. त्याच्या ट्रंकेत त्रेचाळीस तबकड्या. दोन संध्याकाळचं काम. पोस्टात अठ्ठावीस वर्षं पत्रं लावतोय, भावाचा सूर ओळखता येणार नाही?

९ मार्च.
चर्चहून आल्यावर सुरुवात करणार होतो. ग्रामोफोनच्या पिना बोथट निघाल्या. झोपलो.

१२ मार्च.
पिना आणल्या.

१५ मार्च, संध्याकाळी ७.
पद्धत ठरवली. युद्धाच्या काळात वादकांच्या संपात दोन वर्षं रेकॉर्डिंग बंद होतं. संपाआधीचा सूर रुंद, सावकाश. तो ल्युशियस. नंतरची ती तडतड दुसऱ्याच कुणाची. ल्युशियस जेवायलासुद्धा घाई करत नसे. बहीण आयडेला म्हणाली, अरे, सगळ्या ऐक तरी. म्हटलं, पत्र लावायला पाकीट फोडावं लागत नाही.

१६ मार्च.
त्याच्या एकोणीस, इतर चोवीस. दफनाच्या दिवशी चर्चमध्ये लावलेली संथ धुनेची तबकडी यादीत पहिली. काम संपलं. रडू वगैरे आलं नाही.

१८ मार्च.
आयडेलाने विचारलं, तू त्याला न्यूयॉर्कला ऐकलंस कधी? संपानंतर तो तिकडेच वाजवायचा. त्याने दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा नाताळ. नाताळात पोस्टाला रजा नसते, हे तिलाही माहीत आहे.

२० मार्च.
बँडमध्ये ल्युशियसच्या शेजारी बसून सॅक्सोफोन वाजवणारा ऑर्व्हिल टिब्स आला. आयडेलाने बोलावलं होतं. नुसती खात्री म्हणून पहिली तबकडी लावली. तो म्हणाला, अहो मिस्टर मॅबरी, हा मी आहे. दुसरी लावली. हाही मीच, माफ करा. आयडेला म्हणाली, मग चर्चमध्ये बोलला का नाहीस रे मेल्या? तो म्हणाला, काय करू ताई, सगळे रडत असताना उठून टाळ्या मागू?
एकोणिसांत ल्युशियसच्या पाच.
इतरांचा ढीग लावल्याबरोबर ऑर्व्हिल मांडीवर थाप मारून हसायला लागला. बघा गडी, श्वास घ्यायचं नाव नाही! चोवीसच्या चोवीस ल्युशियस.
मी म्हटलं, पिन खराब असेल.


२१ मार्च.
यादी ऑर्व्हिलने केली. पाकिटावर पत्ता मी घातला. तातडीच्या टपालाने गेली.

२३ मार्च, रविवार.
चोवीसमधली वरची तबकडी लावली. तीन मिनिटांत संपली. काही कळलं नाही. परत लावली. आवडली असं नाही.
तोच आहे, असं ऑर्व्हिल म्हणतो.