ज्याची पाठ कुणी चाटेना

ती. आईस, इथूनच पायांवर डोकं.

मी ठणठणीत आहे. जेवतोही वेळेवर, फक्त सगळ्याला गोंदाची चव लागते.

आमच्या पोस्टाने एका मेलेल्या ऑपेरा संगीतकाराचं तिकीट काढलंय. तो इथल्या जुन्या हुकूमशहाचा लाडका, म्हणून निम्मं गाव त्याच्या नावाने खडे फोडतं. "ह्या माणसाची पाठ मी चाटू?" म्हणत खिडकीतून तिकीट माझ्यापुढे सरकवतात. मग काय, चाटतो मी! उरलेले त्याचे भक्त. ते बजावतात, "शिक्का तोंडावर मारू नका हं!" अगं, मला त्याचं एक गाणं येत नाही. डोकं उठलंय नुसतं. साहेबांकडे ओला स्पंज मागितला, तर म्हणे वरून मंजुरी येऊ दे.

बाबांचा खोकला कसा आहे? खरं सांग.

काल एक आजी आल्या. त्यांचा भाऊ त्या हुकूमशहाच्या तुरुंगातच वारला. "दुसरं तिकीट नसेल तर पत्र राहू दे," म्हणाल्या आणि वळल्या. तुझ्यासाठी जपलेलं फुलांचं शेवटचं तिकीट मी चरफडत त्यांच्या पाकिटाला लावलं.

म्हणून तुझ्याकडे फुलांऐवजी हा ऑपेरावाला बाबा आलाय. रागावू नकोस. शिक्का बघ, बरोबर तोंडावर मारलाय.

तुझा चिकट जिभेचा,
धाकटा