तेरड्याची षष्ठी

॥ श्री ॥
अल मनखूल, दुबई
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. विभावरीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र अबरारने काल आणून दिले. बिचारा शारजाहून दुपारी निघाला तो दिवेलागणीला पोहोचला. तुमच्या दुआला बंदराला जाणाऱ्या मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यात तो आपली पत्रे घालतो, याचे तुझ्या भाचीला फार हसू येते. विनिता मला म्हणते, आजोबा, जस्ट व्हॉट्सॲप हर. मी तिला सांगितले, की व्हॉट्सॲपवर मायना नसतो, आणि मायना नसलेल्या मजकुरास मी उत्तर देत नाही.

मायन्यावरून आठवले. तू मला पुन्हा 'तीर्थरूप' लिहिलेस. जन्मदाता तीर्थरूप, सासरा तीर्थस्वरूप. कॅमेरूनच्या अरण्यात राहिल्याने 'स्व' गळून पडू नये.

आता नव्या वनस्पतीविषयी. धबधब्याच्या ओल्या खडकावरचा हा तेरडा आजवर कोणत्याही ग्रंथात नोंदलेला नाही, आणि सहा वर्षांपूर्वी तो प्रथम निखिलने गोळा केला म्हणून त्याला निखिलचे नाव देणार, हे वाचून मी बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिलो. शोधनिबंधाच्या मसुद्यात मात्र तू 'निखिलिए' असे रूप योजले आहेस. लॅटिनचे व्याकरण मागवून मी ताडून पाहिले. ती स्त्रीलिंगी षष्ठी. पुरुषासाठी 'निखिलिआय' हवे. म्हणजे आपले 'निखिलस्य'. वनस्पतिशास्त्राने माझ्या मुलाची मुलगी करू नये.

दुसरा दोष गंभीर आहे. नामकरणाच्या परिच्छेदात त्याच्या नावाआधी तू 'लेट' हा इंग्रजी शब्द घातला आहेस. फुलाचे छायाचित्र घेण्यासाठी तो ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला आणि परतला नाही, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. 'न परतणे' या क्रियापदाचा तो अर्थ कोणत्याही कोशात नाही. शब्द काढून टाकावा.

मी दर रविवारी सकाळी त्याचा क्रमांक लावतो. एरवी एक बाई फ्रेंचमध्ये काही सांगते आणि आवाज बंद होतो. गेल्या रविवारी मात्र घंटा वाजली आणि कोणीतरी फोन उचलला. पलीकडून कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही. तिकडे पाऊस पडत होता. अस्मिता म्हणते, बाबा, तो नंबर आता दुसऱ्या कोणाला दिला असेल, खलास. बहिणीने भावाविषयी किती चटकन बोलावे! 'असेल' हे अनुमान झाले. मला पुरावा हवा.

लोभ आहेच, शुद्धलेखनाइतकाच तोही सांभाळावा.

बाबा


याऊंदे, कॅमेरून
२ मार्च २०२५

ती. स्व. बाबांना शि. सा. न. वि. वि.

'स्व.' आठवणीने घातले आहे. लिहिताना दचकले, कारण तुम्हाला जिवंतपणीच स्वर्गीय केल्यासारखे दिसते. 'निखिलिआय' हे रूपही दुरुस्त केले. एका बाईंच्या नावाच्या फुलावरून मी ते घाईत उचलले होते. आमच्या तिन्ही तज्ज्ञांच्या नजरेतून सुटले, तुमच्या मात्र नाही.

सोबत एक कागद पाठवते आहे, जपून उघडा. तुम्ही वाचलेली, लाल शाईने तपासलेली मराठी साप्ताहिके निखिल झाडांचे नमुने दाबायला वापरत असे, हे तुम्हाला आठवत असेल. बाबांची शाई लागली की बुरशीसुद्धा शुद्ध लिहिते, असे तो सगळ्यांना सांगायचा. या तेरड्याचा पहिला नमुना ह्या पानात होता. तेरड्याचे फूल म्हणजे नुसते पाणी. दाबले की विरते. नमुन्यावर एकही पाकळी उरलेली नाही. कागदावर तिचा डाग उरला आहे.

नोव्हेंबरात मी त्या धबधब्यावर जाऊन आले, हे तुम्हाला कळवले नव्हते. तेरडा फुलला होता. मी निखिलला हाक मारली. आमच्या वाटाड्या बाईंनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, पाण्यापाशी गेलेल्या माणसाला हाक मारू नये. तो ओ देत बसतो आणि मग त्याला निघता येत नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी त्यानंतर मला कोणालाच मोठ्याने हाक मारवत नाही.

बाबा, तुमच्या प्रत्येक पत्रावर 'सौ.' असते. ते वाचले, की मी दाराकडे पाहते. इतकी वर्षे तुमचे पत्र आले, की मी दाराकडे पाहते. मला 'गं. भा.' व्हायचे नाही, पण ते दार आता लावून घ्यायचे आहे. तुमच्या संमतीशिवाय 'लेट' छापणार नाही. मात्र महिनाअखेरीस मसुदा द्यायचा आहे, आणि एकदा छापले की ते तसेच राहते.

अस्मिताताईंना नमस्कार, विनिताला पापा. रागावलात तरी लोभ आवरता घेऊ नये.

आपली,
विभावरी


॥ श्री ॥
अल मनखूल, दुबई
१६ मार्च २०२५

चि. विभावरीस अनेक आशीर्वाद.

मायन्यात एक अक्षर कमी आहे. नजरचूक समजू नये.

अबरारने रोजा सोडून मग पत्र आणले. कागद टेबलावर पसरला. बोटभर तपकिरी डाग, त्याला पाकळ्यांच्या कडा, आणि मधोमध माझी लाल शाई. मी एक शब्द खोडून वर दुसरा लिहिलेला दिसतो. भिंग लावले, विनिताने मोबाइलवर मोठे करून पाहिले. फुलाने दोन्ही शब्द पिऊन टाकले आहेत. आयुष्यात प्रथमच मला माझीच दुरुस्ती वाचता आली नाही.

आज रविवार. क्रमांक लावला. पुन्हा कोणीतरी फोन उचलला. पलीकडे पाण्याचा आवाज होता, आणि पाऊस इतका वेळ एका सुरात पडत नाही. हाक मारण्यासाठी तोंड उघडले, तेव्हा तुझ्या वाटाड्या बाईंचे बोलणे आठवले. संबोधन ही आठवी विभक्ती, विभावरी. ज्याने ओ द्यावी, त्याच्यासाठी ती असते. षष्ठीला माणूस समोर लागत नाही. त्याचे फूल, त्याचा कागद, त्याची माणसे. मी हाक मारली नाही. पलीकडचा आवाज हळूहळू लांब गेला. मी फोन ठेवला आणि विनिताकडून तो क्रमांक पुसून घेतला. ती माझ्या शेजारी बसून राहिली.

'लेट' राहू दे. मराठीत लिहिशील तेव्हा 'कै.' लिही, पुढचे टिंब विसरू नकोस. मी लिहून पाहिले. कै. निखिल. अक्षर हलले आहे, पण शुद्ध आहे.

दार लावून घे.

खोके वेळेवर पोहोचणार नाही, म्हणून या पत्राचे छायाचित्र विनिता व्हॉट्सॲपने पाठवील, मायन्यासकट. लोभ होता, आहे. पुढच्या काळाचे रूप तू चालव.

बाबा

ता. क. : 'गं. भा.' मी कधीही लिहिणार नाही. आणि यापुढे तू मला 'तीर्थरूप' लिहावेस. नियम मला ठाऊक आहे.